लेसर, मुतखडा आणि पाण्याची पोढी

मुतखडा हा काही आजकालचा विकार नव्हे. सुश्रुताने 'अश्मरी' या नावाने त्याचे वर्णन केले आणि तो शस्त्राने काढण्याची रीतही सांगितली. नवे आहे ते उपचाराचे तंत्र. १९८० साली म्युनिक येथे शरीराबाहेरून दिलेल्या आघातलहरींनी मूत्रपिंडातील खडा फोडण्याचा प्रयोग माणसावर प्रथम यशस्वी झाला, आणि १९९० नंतरच्या दशकात होल्मियम लेसर प्रचारात आला. मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण आत न्यावयाची, तिच्यातून एक तंतू खड्यापर्यंत पोचवावयाचा आणि प्रकाशाच्या शक्तीने खड्याचा चुरा करावयाचा, अशी ही पद्धत. पोटावर छेद नाही, आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. या प्रगतीचे स्वागत मनापासून केले पाहिजे.

परंतु लेसर हे प्रत्येक खड्यावरचे उत्तर नव्हे. पाच मिलिमीटरांहून लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. फार मोठ्या खड्यासाठी पाठीतून छिद्र पाडून करावयाची शस्त्रक्रियाच अधिक उपयुक्त ठरते. लेसरनंतर मूत्रवाहिनीत अनेकदा एक नळी ठेवतात. ती मुदतीत काढली नाही, तर तिच्यावरच नवे थर साचतात. उलट, कळांबरोबर थंडी वाजून ताप आला, तर कुळथाच्या कढणावर विसंबून एक रात्रही काढणे जिवावर बेतू शकते. कोणत्या रुग्णाला काय हवे, हा निर्णय म्हणूनच तज्ज्ञाचा आहे. आणि अर्थशास्त्राचा प्रश्न नेमका येथे सुरू होतो.

भाजी घेणारा माणूस चार ठिकाणी भाव विचारतो. कळ उठलेला रुग्ण तसे करू शकत नाही. शिवाय उपचार कोणता हवा हे सांगणारा आणि त्याचे मोल घेणारा बहुधा एकच असतो. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का चालत नाही, याची मीमांसा केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मधील प्रसिद्ध निबंधात केली. 'बिनटाक्याचा, एका दिवसाचा' अशा जाहिराती वाचताना ती आठवावी.

मावळातील भाजे गावच्या एखाद्या शेतमजुराचा विचार करू. मळवलीला लोकल धरून त्याने पिंपरी वा पुणे गाठावयाचे. रुग्णालयाच्या देयकात न दिसणारा खर्च त्याच्या दृष्टीने लहान नसतो: स्वतःची बुडालेली मजुरी, सोबतीला आलेल्याची मजुरी, आणि नळी काढण्यासाठीची दुसरी खेप. भातलावणीच्या दिवसांत ही खेप पुढे ढकलली जाणे अगदी स्वाभाविक आहे, आणि धोका त्यातच आहे. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना खड्यांवरील शस्त्रक्रियांचा भार उचलते. २०२३ च्या निर्णयाने ती सर्व रहिवासी कुटुंबांना खुली झाली. रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागी लावावे, असा नियमही २०२१ पासून आहे. पण योजना ठाऊक नसेल आणि दरपत्रक वाचून दाखवणारे कोणी नसेल, तर हे हक्क कागदावरच राहतात.

याहूनही मूलभूत गोष्ट अशी की, खडा फुटला तरी तो होण्याचे कारण फुटत नाही. एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे. सल्ला सोपा आहे. पाळणे सर्वांना सोपे नाही. उन्हात राबणारी मजूर स्त्री, बसचा वाहक, शाळेतील मुलगी यांना जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह नसते, म्हणून ती तहान मारतात. त्यांना 'भरपूर पाणी प्या' असे सांगून आपण मोकळे होतो.

याच भाजे गावच्या लेण्यांत, कौशिकीपुत्र विष्णुदत्त नावाच्या महारथीने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद ब्राह्मी लेखात कोरलेली आहे. वाटसरूच्या तहानेची सोय हे सार्वजनिक पुण्यकर्म आहे, हे सातवाहनकाळातील त्या दात्याला उमगले होते. आजच्या ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांना तेवढे उमगावयास हरकत नसावी. बाजार, स्थानक आणि शाळा येथे पिण्याचे पाणी व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. योजनेची आणि दरांची माहिती गावाच्या फलकावर मराठीत लागावी. नळी काढण्याची तारीख रुग्णाच्या हाती लेखी दिली जावी आणि गावच्या आशा सेविकेने तिची आठवण करावी. यांपैकी एकाही गोष्टीला लेसर यंत्राइतका पैसा लागत नाही. म्हणूनच त्या न करण्याला सबब उरत नाही.