बडतर्फीचे दोन दर

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम या सरकारी विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपले फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढून टाकले. (हा फुटबॉल हातात चेंडू घेऊन खेळायचा, अमेरिकी.) संघ अपेक्षेइतका जिंकत नव्हता. पण करार २०३१ पर्यंतचा होता; त्यामुळे यापुढे काम न करण्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक, त्या वेळच्या दराने सहाशे कोटी रुपयांवर, रक्कम देणे विद्यापीठाला भाग पडले. दुसरीकडे नोकरी मिळाली तरी त्यातून एक डॉलरही वजा व्हायचा नव्हता. पैसा क्रीडा विभागाचा व देणगीदारांचा, असा विद्यापीठाचा खुलासा. ज्यांच्या घामावर हे उत्पन्न उभे होते त्या खेळाडूंना तेव्हा विद्यापीठ वेतन देत नसे. त्याला हौशी खेळ म्हणत.

आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जून २०२४ मध्ये प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना मुदतीपूर्वी दूर केले आणि तडजोडीपोटी चार लाख डॉलर मोजले.

या दोघांचा हेवा करण्याचे कारण नाही. मालकाने मुदत मोडली तर उरलेल्या मुदतीचे वेतन त्याने द्यावे, हे तत्त्व न्यायाचेच आहे. प्रश्न असा, की शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून आसनगावच्या कारखान्यांत येणाऱ्या तरुणापर्यंत ते का पोचत नाही? औद्योगिक विवाद कायद्याने कामगारकपातीची भरपाई ठरवली ती सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने दर तोच ठेवला. दहा वर्षे यंत्रापाशी उभे राहिलेल्या माणसाच्या हाती पाच महिन्यांचा पगार! कपातीपूर्वी सरकारी परवानगी घेण्याचे बंधन मात्र शंभर कामगारांच्या कारखान्यावरून तीनशेच्या कारखान्यावर नेले.

मुदतबंद नेमणुकीची गोष्ट याहून वाईट. मुदत संपणे ही कपातच नव्हे, असे संहिता म्हणते; मग भरपाई कसली? ज्या मुदतीच्या कराराने फिशर सुरक्षित झाले, तोच येथे कामगाराचे कवच काढून घेतो, कारण मुदत मालकाला सोयीची तेवढीच लिहिली जाते. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना तर घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात; पुढील वर्षी बोलावणे आले नाही, की संपले.

नव्या संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. साथींनी आसनगावच्या फाटकांवर प्रथम ते पत्र मागावे. मुदतीपूर्वी काढल्यास उरलेल्या मुदतीचे पूर्ण वेतन, हे कलम त्यात सामुदायिक वाटाघाटीने घालून घ्यावे. आणि पत्र ठेकेदाराच्या सहीचे असेल, तर मूळ मालकाचे नावही त्यावर असावे असा आग्रह धरावा.