चार लिटरांचा नेम

आमची आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. पहाटे उठल्याबरोबर दोन तांबे पाणी, मग दर तासाला एक पेला, झोपताना आणखी एक. मोबाइलवर फिरत आलेल्या एका संदेशाने तिला हा चार लिटरांचा नेम लावून दिला होता. एकादशी मोडेल, पण नेम मोडणार नाही! गेल्या उन्हाळ्यात तिला मळमळू लागलं, डोकं दुखायला लागलं. ऊन बाधलं असेल, म्हणून आम्ही तिला आणखी पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "ह्यांचा चहा झाला का गं?" आतोबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. दवाखान्यात रक्त तपासलं, तर सोडियम ११७. असायला हवं १३५ ते १४५. डॉक्टरांनी सगळ्यात आधी तिचं पाणी तोडलं.

"पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय?" असं ठासून विचारणाऱ्यांना हे एक उत्तर. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकतात. त्याहून जास्त ढोसत राहिलं की रक्त पातळ होतं, त्यातलं सोडियम उतरतं आणि पाणी पेशींमध्ये शिरून त्या फुगतात. हात-पाय सुजले तर सुजले, पण कवटीच्या आत मेंदूला फुगायला जागा कुठली? आधी मळमळ, डोकेदुखी, मग बरळणं, झटके. आत्याला तर रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. अशा गोळीने सोडियम आधीच उतरू शकतं, आणि वर हा नेम.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ जणांचं रक्त तपासलं गेलं. १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं, तिघांचं तर जिवावर बेतावं इतकं. गंमत अशी, की धोका सर्वात जास्त त्यांना होता, ज्यांचं वजन बेचाळीस किलोमीटर धावून वाढलं होतं! वाटेत दिसेल त्या टेबलावरचा पेला त्यांनी रिचवला होता.

मग रोज आठ पेले, चार लिटर असले आकडे आले कुठून? अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली दिवसाला अडीच लिटर पाणी सांगितलं. लगेच पुढे लिहिलं होतं, की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर पोचलं, पुढचं कुणी वाचलंच नाही. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने आठ पेल्यांचा शास्त्रीय आधार शोधून पाहिला, त्याला तो सापडला नाही. आपल्या ताटातला शिजलेला भात दोन-तृतीयांश पाणीच असतो. वर आमटी, ताक, चहा. ते सगळं हिशेबात धरायचंच नाही का?

"तहान लागली म्हणजे उशीर झाला" हे आणखी एक पालुपद. रक्त एक-दोन टक्के दाट झालं की मेंदू तहान लावतो, शरीर खरोखर कोरडं पडायच्या कितीतरी आधी. आणि "लघवी पाण्यासारखी पांढरी हवी"? फिकट पिवळी असली तरी उत्तम आहे.

उषःपानाचा दाखला देणाऱ्यांनी वाग्भटही उघडून पाहावा. शरद आणि ग्रीष्म सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं, असं अष्टांगहृदयात स्पष्ट सांगितलं आहे.

याचा अर्थ पाणी कमी प्या असा कुणी काढू नये. मुतखडा झालेल्याने भरपूर पाणी प्यायलाच हवं. उन्हात ऊस तोडणाऱ्याला, भट्टीपाशी राबणाऱ्याला जास्त लागणारच, आणि घामासोबत मीठही जातं म्हणून त्याला मीठ-लिंबाचं सरबत बरं. बंदोबस्तावर दिवसभर उभी असलेली महिला पोलीस किंवा खेड्यातली शाळकरी मुलगी तहान मारून बसते, कारण जवळपास धड स्वच्छतागृह नसतं. पाण्याचा प्रचार करणाऱ्यांनी आपला उत्साह तिकडे वळवला तर फार बरं होईल. म्हाताऱ्यांची तहान बोथट होते, हेही खरं. त्यांना आठवण करावी, पण किती प्यायचं ते त्यांच्या गोळ्या पाहून डॉक्टरांनी सांगावं, वेळांचे आकडे छापलेल्या बाटलीने नव्हे. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी अजिबात नको. अंगावरच्या दुधात त्याला पुरेसं असतं.

बाकी आपल्यासारख्यांनी तहान लागली की प्यावं, भागली की पेला खाली ठेवावा. घरात रक्तदाबाची गोळी घेणारं वडीलधारं माणूस असेल आणि ते एकाएकी मळमळतंय म्हणालं, असंबद्ध बोलू लागलं, तर पाण्याचा तांब्या पुढे करू नका. आधी दवाखाना गाठा, आणि सोडियम तपासायला सांगा.