आपले गाव आपणच लिहावे

“आम्ही काय लिहिणार?” असे आपले विद्यार्थी विचारतात. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरे धुंडाळीत गावोगाव हिंडले. १९२६ साली धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. २००३ पासून मराठी विकिपीडिया सर्वांना खुला आहे. प्रथम एखाद्या लेखातील चूक दुरुस्त करावी. मग आपले गाव, नदी, यात्रा यांवर चार ओळी लिहाव्यात. मात्र विधानाला ग्रंथाचा वा वृत्तपत्राचा आधार हवा. उतारे उचलू नयेत, गावाची बढाई मारू नये. कोणी खोडले तर रुसू नये, पुरावा द्यावा. आजीच्या तोंडची अहिराणी माहिती तेथे आधार म्हणून चालत नाही. ती आधी पारखून छापली गेली पाहिजे. तो आरंभ अशा वार्षिकांतून का होऊ नये? आपण गप्प राहिलो, तर खानदेशाविषयी परक्याची ऐकीव माहितीच उद्या प्रमाण ठरेल!