बेगमीला हवा उन्हाचा पर्याय

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन थडकला. महानगरात चर्चा झाली ती तुंबलेल्या रस्त्यांची आणि पाणी शिरलेल्या भुयारी मेट्रो स्थानकाची. महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या आतल्या तालुक्यांत मात्र या पंधरवड्याचा हिशेब निराळा असतो. मे महिन्याचा उत्तरार्ध हा तेथे पावसाळ्याच्या बेगमीचा काळ. कैरीच्या फोडींची आंबोशी, रातांब्याच्या सालींची आमसुले, आंब्याची आणि फणसाची पोळी, सांडगे, पापड, सुकी मासळी असे सारे याच दिवसांत अंगणात वाळत पडलेले असते. पाऊस लवकर आला की हे अंगणच नाहीसे होते.

बेगमी हा केवळ जुन्या पिढीचा सोस नव्हे. सह्याद्रीच्या उतारावर वसलेल्या या वाड्यांत भात, नाचणी, वरी यांच्या जोडीला चार महिने कोरड्यासाला आधार असतो तो साठवणीचाच. वाहतूक सुधारली, गावोगाव दुकाने झाली, तरी ही गरज संपलेली नाही, हे २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा दिसून आले. सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठच पाण्याखाली गेली. तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक जणांचा बळी गेला. पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांनी असाच घाला सोसला होता. अशा वेळी रस्ता तुटतो, वीज जाते आणि बाहेरची मदत पोहोचेपर्यंत घरात जे असेल त्यावरच माणसे दिवस काढतात.

येथील पिकांची अडचण निसर्गक्रमातच आहे. रातांबा, फणस, करवंद यांचा मोठा भाग पिकतो तो ऊन संपत आल्यावर. आमसुलासाठी सालींना रसाची पुटे देत त्या पुन्हा पुन्हा वाळवाव्या लागतात. त्याला कित्येक दिवसांचे सलग ऊन लागते. मध्येच एक सर आली तरी बुरशी धरते. म्हणूनच पावसापूर्वी काढणीला येणारी ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केली. तथापि, परसातली आणि रानातली जुनी झाडे आपल्याच वेळापत्रकाने फळतात. पाऊसच पंधरा दिवस आधी येऊ लागला, तर जातीच्या निवडीने साधलेली आघाडीही अपुरी पडेल.

यावर उपाय दोन. पहिला यांत्रिक वाळवणीचा. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वाहती गरम हवा मिळाली, तर वाळवण उन्हावर अवलंबून राहत नाही. धूळ आणि माश्यांपासूनही ते सुरक्षित राहते. सौर वाळवणी यंत्रे महाराष्ट्राला नवी नाहीत. शेतकरी महिलांच्या हाती अशी यंत्रे देणाऱ्या ‘एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज’ या राज्यातील कंपनीला २०२३ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. परंतु कोरड्या मराठवाड्यात चालणारी रचना ढगाळ कोकणात जशीच्या तशी चालणार नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात सूर्याच्या जोडीला लाकूडफाटा किंवा भाताचा तूस जाळून उष्णता देणारी व्यवस्थाच हवी.

दुसरा उपाय हवाबंद डब्यांचा, म्हणजे कोकणात रुळलेल्या शब्दात कॅनिंगचा. येथे सावधगिरी अधिक लागते. कैरी, कोकम यांसारख्या आंबट पदार्थांचा सामू ४.६ पेक्षा कमी असतो. ते नीट भरून, झाकण लावून, उकळत्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवले की टिकतात. भाज्या, कडधान्ये किंवा कच्चा फणस यांचे तसे नाही. बोटुलिझम हा प्राणघातक विकार घडविणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत; त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापमान न्यावे लागते. पिकलेला फणसही पुरेसा आंबट नसल्याने त्याच्या गरात सायट्रिक ॲसिड योग्य प्रमाणात मिसळावे लागते. वास आणि रंग यांवरून हा धोका ओळखता येईलच असे नाही. त्यामुळे हे काम प्रत्येक घरावर सोपविण्यापेक्षा प्रशिक्षित हातांनी चालविलेल्या सामायिक केंद्रात व्हावे, हेच शहाणपणाचे.

पैशाची वाट अगदीच बंद आहे असेही नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेसाठी १० हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि बचत गटांच्या सदस्यांना ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल असे तिचे स्वरूप ठरले. परंतु अशा योजना उद्योग मोजतात. विक्री किती आणि कर्ज फिटेल काय, एवढेच त्यांत पाहिले जाते. गावासाठी राखलेला साठा त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. दुसरीकडे आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांत होड्या, दोर आणि निवारे यांची मोजदाद होते. वाळवणी यंत्राचा विचार कोणी करीत नाही.

हे दोन हिशेब एकत्र मांडण्याची वेळ आली आहे. पूररेषेच्या वर, दरडीच्या वाटेपासून दूर, काही वाड्यांना मिळून एक वाळवणी आणि कॅनिंग केंद्र उभे राहिले, तर उन्हाळ्यात तेथे घरोघरचा माल पक्का होईल. त्यातला काही भाग मुंबई-गोवा महामार्गावर विकला जाऊन महिलांच्या हाती पैसा येईल आणि काही भाग जुलैसाठी तेथेच सुरक्षित राहील. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांमुळे गावात हात कमी उरले आहेत. जे उरले आहेत, त्यांच्याकडून उन्हाशी शर्यत लावण्याची अपेक्षा किती वर्षे करायची? पावसाने आपले वेळापत्रक बदलले, तर बेगमीची साधनेही बदलावी लागतील. तो भार एकट्या गृहिणीवर टाकून चालणार नाही.