निळ्या रेषेच्या आत

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यातील सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. खडकवासल्याच्या धरणातून त्या दिवशी सुमारे पस्तीस हजार क्यूसेक पाणी सोडण्यात आले होते. तळमजले बुडाले, वाहने पाण्याखाली गेली, आणि रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. त्याच दिवशी पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा अंत झाला. पुढे जे व्हावयाचे तेच झाले. पाणी सोडण्याची सूचना वेळेवर दिली की नाही, यावर पाटबंधारे खाते आणि महापालिका यांच्यात वाद रंगला, चिखल उपसला गेला, पंचनामे झाले, आणि पाणी ओसरले तसा विषयही ओसरला. सूचनेचा प्रश्न महत्त्वाचा नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याहून मोठा एक प्रश्न त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. ही घरे तेथे आली कशी? ती घेणारे काही रातोरात झोपड्या टाकून बसलेले लोक नव्हेत. त्यांतील पुष्कळांनी कर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून, आयुष्याची पुंजी खर्ची घालून ही घरे घेतली. दरवर्षी ते मिळकतकर भरतात. नदीने आपले पात्र मागितले तेव्हा मात्र त्यांचे एकही कागदपत्र त्यांच्या कामी आले नाही.

जलरक्षणाचा कायदा म्हटले की कारखान्याचे रसायनमिश्रित पाणी आणि मेलेले मासे एवढेच चित्र सुशिक्षितांच्याही डोळ्यांपुढे येते. वस्तुतः शहराची वाढ कोठे व्हावी, कोठे होऊ नये, हे ठरविणारा तो एक प्रमुख नियम आहे, निदान असावयास हवा. नगररचनाकाराच्या टेबलावर हा नियम येतो तो एका रेषेच्या रूपाने. १९८९ साली राज्याच्या पाटबंधारे खात्याने परिपत्रक काढून पूररेषांची पद्धत घालून दिली. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो अधिक असेल त्याचे पाणी जेथवर पोचेल ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित. नियम इतका सोपा आहे की आम्ही शाळेत भूगोल शिकवीत होतो त्या काळातील सातवीच्या मुलालाही तो एका तासात समजला असता. मोठ्या माणसांना तो पस्तीस वर्षांत समजलेला नाही, याचे कारण तो अवघड आहे हे नव्हे. ही रेषा आखते एक खाते, नकाशावर उतरविते दुसरे आणि परवानगी देते तिसरे. एखाद्या घरात पाणी शिरले की या तिघांपैकी प्रत्येकाजवळ इतर दोघांकडे दाखविण्यास बोट असते.

मूळ कायद्यातच ही दुविधा आहे. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम जिज्ञासूंनी अवश्य उघडून पाहावा. विकास आराखड्यात कोणकोणत्या गोष्टी असाव्यात हे त्याच्या बाविसाव्या कलमात सांगितले आहे. पूरनियंत्रण आणि नदीचे प्रदूषण रोखण्याचे प्रस्ताव त्यांत आहेत. त्याच कलमात सखल व दलदलीच्या जमिनी भरून काढणे आणि जमीन सपाट करणे हेही आहे. पानशेत फुटून जेमतेम पाच वर्षे झाली होती तेव्हा हा कायदा झाला, म्हणजे पुराची आठवण ताजी होती. तरीही सखल जमीन म्हणजे रोगराईचे घर, ती भरून टाकणे म्हणजे प्रगती, ही ब्रिटिश काळातून आलेली समजूत त्यात तशीच राहिली. सखल जमीन ही नदीची ओसरी असते, पाणी वाढले की तेथे ते क्षणभर टेकते आणि मग पुढे जाते, ही गोष्ट तेव्हाच्या विधिमंडळाला सुचली नाही याबद्दल आम्ही त्याला दोष देत नाही. आजच्या नगररचनाकारांना मात्र ती सबब सांगता येणार नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबई आणि इतर काही क्षेत्रे वगळून सर्व शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. तीत निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. बाग, वाहनतळ, स्मशानभूमी यांसारख्या मोजक्या वापरांना तेवढी मुभा आहे. येथवर ठीक. पण निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये इमारत बांधावयाची असेल तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा पंचेचाळीस सेंटिमीटर उंच असले की पुरे. निळ्या रेषेच्या आतील जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्विकासालाही संबंधित खात्यांच्या संमतीने याच अटीवर वाट करून दिलेली आहे. जोते उंच केल्याने घर कोरडे राहील, हे खरे. घराकडे जाणाऱ्या रस्त्याचे काय? ज्या रात्री आजारी म्हातारीला इस्पितळात न्यावयाचे असेल त्या रात्री पंचेचाळीस सेंटिमीटर उंच जोत्यावर उभे राहून पाण्याकडे पाहत बसावयाचे काय? शिवाय जोते उंच करण्यासाठी भराव घातला की तेवढे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार. तोही मग आपले जोते उंच करणार, आणि असे करता करता पाण्याचा सगळा भार ज्याला भराव परवडत नाही त्याच्या दारात येऊन पडणार.

याच नियमावलीतील दुसरी तरतूद अधिक विचार करण्यासारखी आहे. भूखंडाचा काही भाग निळ्या रेषेच्या आत असेल तर त्या भागाचे चटईक्षेत्र त्याच भूखंडाच्या उरलेल्या भागावर वापरता येते. जमीनमालकाची बाजू पाहिली तर यात अन्याय नाही. त्याची जमीन नदीसाठी मोकळी राहते, तर तिचा मोबदला त्याला मिळावा. परंतु परिणाम पाहा. नदीकाठावर माणसे कमी असावीत हा पूररेषेचा हेतू; या सवलतीमुळे रेषेला अगदी खेटून इमारती अधिक उंच आणि वस्ती अधिक दाट होते. मोबदला द्यावा, पण तो शहराच्या उंचावरील भागात वापरण्याच्या हक्काच्या रूपाने द्यावा, हे सुचण्यास फार मोठ्या प्रज्ञेची गरज नाही. नदीकाठच्या मोक्याच्या जागेचा भाव पाहता ते का सुचले नसावे, याचा तर्क वाचकांनी आपापला करावा.

शासनसंस्था स्वतः तरी रेषेचा मान राखतात काय? विठ्ठलवाडी ते बाह्यवळण महामार्ग असा रस्ता महापालिकेने मुठेच्या पात्रात करावयास घेतला, तेव्हा नागरिकांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घ्यावी लागली, आणि २०१३ साली न्यायाधिकरणाने निळ्या रेषेच्या आत भराव घालून रस्ता करण्यास मज्जाव केला. जी संस्था नागरिकाला परवानगी नाकारते तिलाच नकार ऐकविण्यासाठी न्यायासन लागावे, ही गोष्ट भूषणावह नव्हे. पुढे मेट्रोचे खांब पात्रात उभे राहिले ते रीतसर परवानगीने, हे मान्य. पण सामान्य माणूस परवानगीचा कागद पाहत नाही, खांब पाहतो, आणि नदीत बांधता येते एवढाच बोध घेतो.

प्रदूषणाच्या कायद्याची कहाणी याहून जुनी. या बाबतीत महाराष्ट्र केंद्राच्याही पुढे होता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा आणि मंडळ १९७० चे, तर केंद्राचा कायदा १९७४ चा. सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये, हा त्याचा गाभा, आणि तो महापालिकांनाही लागू आहे. नदीच्या प्रतवारीप्रमाणे काठापासून उद्योग किती दूर असावेत हे ठरविणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण राज्याने २००० साली आखले, २००९ साली सुधारले आणि २०१५ साली गुंडाळून ठेवले. पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरणाची योजना २०१६ च्या प्रारंभी मंजूर झाली तेव्हा तिचा खर्च ९९० कोटी होता. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झाले तेव्हा तो १४७० कोटींच्या वर गेला होता. या सहा वर्षांत शहर थांबले नव्हते. मेट्रोमार्गालगत चारपर्यंत चटईक्षेत्र देण्याचे धोरण याच काळात पुढे सरकले. एका हाताने शौचकूपांची संख्या वाढवावयाची आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या सांडपाण्याची फाइल या खात्यातून त्या खात्यात ढकलावयाची, याला नियोजन हे नाव देणे आम्हांस कठीण वाटते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला असा की, शहरात जागा नाही, लोकांना घरे हवीत, आणि तुम्ही नदीकाठची जमीन मोकळी ठेवा म्हणता. याला आमचे उत्तर असे की, दर काही वर्षांनी ज्यातून माणसे होडीने बाहेर काढावी लागतात ते स्वस्त घर नव्हे. त्याची उरलेली किंमत पुढे कधीतरी रहिवासी भरतो आणि मदतनिधीच्या रूपाने सगळे राज्य भरते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जे आधीच रेषेच्या आत राहतात त्यांचे काय? त्यांची घरे पाडा असे म्हणणारा माणूस एक तर निर्दय असला पाहिजे किंवा त्याचे स्वतःचे घर टेकडीवर असले पाहिजे. या बाबतीत पानशेतनंतरचा अनुभव उपयोगी पडेल. १२ जुलै १९६१ च्या पुराने हजारो कुटुंबे उघड्यावर आली, तेव्हा शासनाने त्यांना नुसते पुरग्रस्त निधीचे धनादेश देऊन पुन्हा काठावर पाठविले नाही. गोखलेनगरसारख्या वसाहती नदीपासून दूर, उंचावर उभारल्या. घाईत उभारलेल्या त्या अर्धगोल निवाऱ्यांत गैरसोय पुष्कळ होती, पण तेथे राहणाऱ्यांना मुठेच्या पाण्याची धास्ती उरली नाही. पुनर्विकासाची मागणी करणाऱ्या आजच्या काठावरच्या सोसायट्यांना त्याच जागेवर अधिक मजले देण्याऐवजी अशी सोय करण्याचा विचार का होऊ नये?

काठाने बांध घालणारा चव्वेचाळीस किलोमीटरचा नदीकाठ विकास प्रकल्प सध्या चालू आहे. त्याने पात्राची वहनक्षमता वाढेल असे महापालिका म्हणते, ती घटेल असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. या वादात आज आम्ही पडत नाही. बांध झाले म्हणून निळी रेषा नदीकडे सरकवून नवी जमीन बाजारात आणण्याचा मोह मात्र कोणाला होऊ नये, एवढे बजावून ठेवतो.

आणि ओढे? पूररेषांची चर्चा होते ती नद्यांची. ओढ्यांच्या वाट्याला ती क्वचितच येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा धरणातून सोडलेल्या पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस आपल्या जुन्या वाटेने खाली येत होता, आणि त्या वाटेत आपण भिंती घातल्या होत्या. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेत समाविष्ट झाली. या गावांतून असे कितीतरी ओढे वाहतात. त्यांतील काही अजून उघडे आहेत, काहींवर नळ्या टाकून रस्ते झाले आहेत, आणि बांधकामे तर आराखड्याची वाट पाहत कधीच थांबत नाहीत. धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातील पाऊस हिशेबात धरून या ओढ्यांच्या पूररेषा आखल्या जाव्यात, त्यांचे दगड जागेवर रोवले जावेत, सातबाऱ्यावर आणि खरेदीखतात त्यांची नोंद व्हावी, आणि तोवर त्या पट्ट्यातील कोणताही आराखडा वा फेरबदल मंजूर होऊ नये. यासाठी नवा कायदा नको, नवी समितीही नको. १९६६ च्या अधिनियमाच्या एकशेचोपन्नाव्या कलमाखाली नियोजन प्राधिकरणांना निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. नगरविकास खात्याने तो पुढील पावसाळ्यापूर्वी वापरावा.