सापडले, पण कसे?

इटलीचा टेनिसपटू यानिक सिनर याच्या लघवीच्या नमुन्यात मार्च २०२४ मध्ये क्लोस्टेबॉल या बंदी असलेल्या स्टेरॉइडचा अंश सापडला. प्रमाण होते मिलिलिटरमागे ८६ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पंचवीस लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावात हे प्रमाण गाठायला जेमतेम एक पंचमांश ग्रॅम, म्हणजे चिमूटभर औषध पुरेल.

फिजिओथेरपिस्टने स्वतःच्या कापलेल्या बोटावर क्लोस्टेबॉल असलेला फवारा मारला आणि त्याच हाताने सिनरला मालिश केले, हे स्पष्टीकरण स्वतंत्र लवादाने स्वीकारले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा' तरीही अपिलात गेली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन महिन्यांच्या बंदीवर तडजोड झाली. फसवण्याचा हेतू नव्हता, हे 'वाडा'नेही मान्य केले.

औषध पोटात गेले की शरीर, मुख्यतः यकृत, त्याचे रूप बदलते. ही बदललेली रूपे, म्हणजे मेटाबोलाइट्स, लघवीवाटे बाहेर पडतात. काही स्टेरॉइड्सची अशी रूपे कित्येक आठवडे सापडत राहतात. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकचे जपून ठेवलेले नमुने नव्या पद्धतींनी तपासल्यावर अनेक पदके परत गेली, ती यामुळेच. म्हणजे यंत्रांची ही तीक्ष्ण नजर हवीच.

पण अत्यल्प अंशाचे अर्थ दोन निघतात. काल चुकून अंगाला लागलेला कण, किंवा महिन्यापूर्वी मुद्दाम घेतलेल्या गोळ्यांची शेवटची खूण. एकट्या आकड्यावरून यातले खरे कोणते, हे ठरत नाही. त्यासाठी कोणते मेटाबोलाइट्स कोणत्या प्रमाणात आहेत आणि पुढच्या नमुन्यांत ते कसे बदलतात, हे पाहावे लागते.

गोळ्यांमध्ये भेसळ म्हणून आढळणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या काही मूत्रल औषधांसाठी 'वाडा'ने मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली आहे. त्याखालचा अंश सहसा दोष म्हणून कळवला जात नाही. सरसकट सगळ्याच औषधांना अशी सूट दिली, तर चोर सुटतील. मात्र जिथे अपघाती संपर्क शक्य असल्याचे विज्ञान दाखवते, तिथे औषधागणिक मर्यादा ठरवायला हवी.

खरी अडचण पुढेच आहे. स्टेरॉइड सापडले, की ते शरीरात कसे आले हे सिद्ध करण्याचा भार प्रत्यक्षात खेळाडूवरच येतो. नाही जमले तर चार वर्षांपर्यंत बंदी. सिनरकडे वकील होते, तज्ज्ञ होते. कोल्हापूरच्या तालमीतल्या मल्लाने किंवा नाशिकच्या धावपटूने पावडरचा डबा तपासून घ्यायला पैसे कुठून आणायचे? भारतात 'नाडा' हेच नियम राबवते. तेव्हा अंश अत्यल्प असेल, तर पुढचे नमुने घेणे आणि संशयित डबा तपासणे हा खर्च यंत्रणेनेच उचलावा. खेळाडूचे चार वर्षांचे आयुष्य त्याच्या खिशावर अवलंबून राहू नये.