आठ सेकंदांची फट

लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून ‘रिअल-टाइम’ सोय मुळातच आली. सुमारे वीस वर्षे ती बाहेरून जोडून घ्यावी लागत होती. तातडीचे काम ठरल्या वेळेत व्हावे, हा तिचा उद्देश. ही बातमी संगणकवाल्यांपुरतीच राहिली. पण रुग्णाच्या उशाशी असलेल्या अनेक यंत्रांतही असाच एखादा कर्नल बसलेला असतो.

मूळ अडचण अपघात विभागातल्या कोणालाही कळेल. वॉर्डात एकच खाट रिकामी आहे. दोन डॉक्टर काही क्षणांच्या अंतराने रजिस्टर पाहतात, दोघांनाही खाट रिकामी दिसते, दोघेही आपापल्या रुग्णाचे नाव लिहितात. चूक कोणाचीच नाही. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये फट राहिली, एवढेच. ही दोन्ही कामे मध्ये कोणी शिरणार नाही अशी एका दमात होणे, याला संगणकात ‘अ‍ॅटॉमिक’ क्रिया म्हणतात. प्रोसेसर एकच होता तोवर कर्नल क्षणभर बाकीच्यांना थोपवून हे साधत असे. आता एका चिपवर चार-आठ कोअर एकाच वेळी चालतात. एकाला थोपवले तरी दुसरा रजिस्टर उघडतोच. म्हणून ही अखंडता प्रोसेसरच्या आज्ञेतच असावी लागते आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती योग्य जागी वापरावी लागते.

न वापरल्यास काय होते, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वी पाहिले आहे. थेरॅक-२५ या कॅनडात बनलेल्या किरणोपचार यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना किरणांची प्रचंड अतिमात्रा दिली. त्यात प्रोसेसर एकच होता, पण अनेक कामे आळीपाळीने तीच माहिती वाचत-बदलत होती आणि तपासणे व नोंदवणे अखंड नव्हते.

टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये ऑपरेटरने इलेक्ट्रॉनऐवजी चुकून एक्स-रेची कळ दाबली आणि लगेच दुरुस्त केली. यंत्राचे चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात झालेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, यंत्राच्या आत पोहोचली नाही. १८० रॅडऐवजी रुग्णाला अंदाजे १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले. पडद्यावर आले फक्त ‘मालफंक्शन ५४’.

तंत्रज्ञ आले, त्यांना दोष सापडला नाही, यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये तेच घडले. दोन्ही रुग्ण पुढे दगावले. दोष शोधला तो तिथल्याच भौतिकतज्ज्ञाने आणि त्या ऑपरेटरने, त्याच क्रमाने कळा पुन्हा पुन्हा दाबून. गुपित वेगात होते. सरावलेले हात झरझर चालले तरच चूक उमटे, सावकाश तपासणाऱ्यापुढे यंत्र निर्दोष. कंपनीचा पहिला उपाय थक्क करणारा होता: कर्सर वर नेणारी कळच काढून टाका आणि तिथे चिकटपट्टी लावा!

याहून मोठी चूक आधीच झाली होती. जुन्या थेरॅक-२० मध्ये किरण अडवणारी स्वतंत्र यांत्रिक कुलपे होती. नव्या यंत्रात सॉफ्टवेअरवर विसंबून ती काढली गेली. तोच दोष जुन्या यंत्रातही होता, पण तिथे फक्त फ्यूज उडत असे.

लिनक्समधील नवी सोय स्वागतार्हच आहे. मात्र ती वेळेचा भरवसा देते. दोन कामांनी एकाच नोंदीवर केलेली गडबड वेळेत झाली, तरी ती गडबडच. भारतात १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आहे. त्यामुळे खरेदी समितीने देखभालीच्या वर्षांबरोबर हेही विचारावे: सॉफ्टवेअर चुकले तर रुग्णाला वाचवणारे स्वतंत्र कुलूप यंत्रात आहे का? आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आला, तर त्या वेळी यंत्रावर कोण होते, कोणत्या कळा किती भराभर दाबल्या, हे परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावे. टायलरला दोष सापडला तो ऑपरेटरला आपल्या कळांचा क्रम आठवत होता म्हणून.